गोठ्यातला उन्हाळा रात्री मोजावा

मे २०२४ अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर चर्चा झाली. तो संवेदकातील बिघाड होता, असे पुढे हवामान खात्याने सांगितले. आकड्याचा वाद मिटला. पण नंदनवनसारख्या दाट वस्तीतल्या पत्र्याच्या गोठ्यात ४४-४५ अंशही जिवावर बेततात. म्हशीला जास्तच, कारण कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी.

शिवाय सगळी उष्णता बाहेरून येत नाही. कुटार, कडबा पोटात आंबताना शरीर तापते आणि ही उष्णता खाल्ल्यानंतर साधारण चार ते सहा तासांनी सर्वाधिक असते. म्हणजे सकाळी नऊला टाकलेला चारा ऐन दुपारी आतून शेगडी पेटवतो. चाऱ्याचा मोठा वाटा सूर्यास्तानंतरच द्यावा. जनावर खात नाही म्हणून भरडा वाढवण्याची सवय तर घातकच. धापा टाकताना लाळ गळते, आणि पोटातील आम्ल शमवणारा क्षार लाळेतच असतो.

कूलर मेच्या कोरड्या हवेत चांगला. पाऊस सुरू झाल्यावर बंद गोठ्यात तोच दमटपणा वाढवतो. मग धापांनी अंग थंड होत नाही. तेव्हा पंखा आणि मोकळी हवा बरी.

बातम्यांत कमाल तापमान ठळक असते. गोठेवाल्यांनी किमानही पाहावे, कारण दिवसभर साठलेली उष्णता जनावर रात्री बाहेर टाकते. पहाटेही धाप थांबली नसेल, तर पशुवैद्यकांना लगेच बोलवावे.