हरणे देशाची, भार जऊळक्यावर

सोयाबीन दोन-चार पानांवर आले की जऊळका परिसरातल्या शेतकऱ्याची झोप उडते. संध्याकाळी हिरवेगार दिसणारे वावर सकाळी तासेच्या तासे बोडके झालेले असते. काळविटांचा कळप कोवळे शेंडे खुडत पुढे सरकतो, रोही खातात त्याहून अधिक तुडवतात आणि रानडुकरे पेरलेले बियाणेच उकरून काढतात. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. पीक बदलते, जागल काही सुटत नाही. या नुकसानीची चर्चा दरवर्षी होते, आणि दरवर्षी ती बांधावरच थांबते. ती बाजारापर्यंत गेली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. पूर्णा-अकोला रेल्वेमार्गावरचे, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे गाव आणि भोवतालची खेडी ज्या पैशावर चालतात तो पैसा वावरातून येतो. वावर अर्धे पिकले की दुकानही अर्धेच चालते.

अमेरिकेत हा प्रश्न नेमका उलट्या बाजूने उभा राहतो. विस्कॉन्सिन राज्यात दर नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करण्यास परवानगी असते. त्या दिवसांत आडगावातली लॉजे, खानावळी, पेट्रोलपंप आणि शिकारीचे मांस कापून देणारी दुकाने गजबजतात. तिथे हंगामाचे दिवस घटवायचे म्हटले की गावातला दुकानदार धास्तावतो. आपल्याला त्या शिकारीचे अनुकरण करायचे नाही. पण तिथली एक व्यवस्था डोळसपणे पाहण्यासारखी आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याने 1937 पासून शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राखून ठेवला आहे. लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर तो 11 टक्के आहे. विस्कॉन्सिनमध्ये तर शिकारीच्या परवान्यावर अधिभार घेतला जातो आणि हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई त्यातून होते. म्हणजे हरणे हवीत असे ज्यांना वाटते, ते त्यासाठी पैसे मोजतात. आपल्याकडे हरणे सर्वांना हवीत, मोजणारा मात्र एकटा कोरडवाहू शेतकरी आहे.

आपल्याकडेही शिकारीचा हंगाम होता. इंग्रजांच्या 1912 च्या कायद्याने विणीच्या काळात शिकार बंद ठेवण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना दिले होते. बंदुकीचा परवाना असलेले जमीनदार, अधिकारी आणि त्यांचे पाहुणे यांच्यासाठी हरीण हे मौजेचे सावज होते. वऱ्हाडातल्या माळरानांवरून काळवीट झपाट्याने कमी होत गेले ते या बंदुकांमुळे आणि माळ नांगराखाली गेल्यामुळे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ आवरला. त्यातही सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट मोकळी होती. ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. हा निर्णय योग्यच होता. तो झाला नसता तर आज आपल्या मुलांना काळवीट फक्त पुस्तकात दिसले असते. वाशीम जिल्ह्यात 2000 साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य झाले, त्याचाही अभिमान बाळगावा. पण त्याचे क्षेत्र अवघे 18.32 चौरस किलोमीटर आहे. काळवीट मोकळ्या माळावरचा प्राणी. तो कागदावरच्या हद्दीत राहत नाही, आणि हद्दीबाहेर आता माळ उरला नाही, सोयाबीन आहे. कायद्याने हंगाम संपवला, त्यानंतर वाढणाऱ्या कळपांनी चरायचे कुठे याचा विचार कोणीच केला नाही. तो प्रश्न न बोलता शेतकऱ्याच्या वावरात ढकलला गेला.

आता बाजाराकडे या. पेरणी मोडली की शेतकरी पुन्हा कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर येतो. दुबार पेरणीचे बियाणे विकले गेले म्हणून दुकानदाराचा फायदा झाला, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. तसे नसते. दुसरी पिशवी उधारीवर जाते आणि पहिलीचे पैसे दिवाळीपर्यंतही येत नाहीत. ज्याच्या वहीत अर्ध्या गावाची उधारी अडकली आहे, तो दुकानदार कंपनीला रोख कुठून देणार? सोंगणीच्या दिवसांत एकरावर किंवा गुत्त्याने काम घेणाऱ्या मजुरांच्या टोळ्या असतात. पीक विरळ असेल तर शेतकरी घरच्या घरीच सोंगून घेतो, आणि ज्या बाईने त्या मजुरीवर मुलीच्या शाळेचा खर्च धरलेला असतो, तिचा हिशेब चुकतो. कर्ज काढून मळणीयंत्र घेणाऱ्या तरुणाला पोत्यामागे पैसे मिळतात. पोतीच कमी भरली तर यंत्राचा हप्ता त्या प्रमाणात कमी होत नाही. शेतमाल वाहून नेणाऱ्या गाड्या, हमाल, अडत, पुढे किराणा, कापड, चपलांचे दुकान, आठवडी बाजारातला भांडेवाला असा हा फटका पसरत जातो. वन विभागाच्या पंचनाम्यात यातल्या कशालाही रकाना नाही.

त्याहून मोठे नुकसान असे आहे की जे पंचनाम्यात येऊच शकत नाही. ते म्हणजे न पेरलेले पीक. या भागातल्या जुन्या शेतकऱ्याला भुईमूग का सोडला, मका का लावत नाही, ज्वारी कुठे गेली असे विचारा. भाव, मजुरी, पाऊस अशी अनेक कारणे तो सांगेल, त्यात डुकरांचे आणि हरणांचे नाव हमखास येईल. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यावर जगणारी जनावरे कमी झाली, दुधाचा दोन पैशांचा आधार आटला. शेणखत कमी झाले ते वेगळेच. रानाच्या कडेचे, गावापासून लांबचे वावर तर काही जण पडीकच ठेवतात. जागलीला माणूस मिळत नाही आणि एकट्या म्हाताऱ्याला रात्री पाठवायचा धीर होत नाही. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ डॉ. मिलिंद वाटवे गेली अनेक वर्षे हेच मांडत आले आहेत की प्राण्यांनी प्रत्यक्ष खाल्लेल्या पिकापेक्षा त्यांच्या भीतीने बदललेल्या शेतीचे नुकसान कितीतरी अधिक असते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीम आहे. त्या यादीतून वर यायचे तर शेतीला पुन्हा विविधता हवी, असे प्रत्येक अहवाल सांगतो. रात्री कळप वावरात उभा असताना ती विविधता कोण आणणार?

शिकारबंदीने खरोखर ज्यांचा धंदा बुडाला, त्या फासेपारध्यांचाही विषय इथेच काढला पाहिजे. फासे लावून तितर, लाव्हे आणि हरीण धरणारा हा समाज वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या आहे. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कायदा संपला तरी लोकांच्या नजरेतला शिक्का गेला नाही, आणि पुढे 1972 च्या कायद्याने त्यांचे पिढीजात कामच गुन्हा ठरवले. राजेरजवाड्यांच्या बंदुकांनी माळ रिकामे केले आणि शिक्षा भोगली फाश्यावर पोट भरणाऱ्याने, ही बाब आम्हाला फार खटकते. त्यांना पर्यायी काम देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. तरीही कारंजा येथील संवेदना संस्थेसोबत याच समाजातल्या लोकांनी अकोला-वाशीम भागात तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्यासाठी गवताळ माळ राखण्याचे काम केले आहे. कळप कुठून येतो, कोणत्या ओढ्याने उतरतो, माग कसा काढायचा, हे ज्ञान आजही त्यांच्याकडे आहे. वन विभागाने हंगामी राखणीसाठी, कळपांच्या मोजणीसाठी आणि हाकारण्यासाठी त्यांना रोजंदारीवर नव्हे, नियमित पगारावर घ्यावे. उपकार म्हणून नाही, त्यांच्याइतके हे काम जाणणारे दुसरे कोणी नाही म्हणून.

ग्रामसभेत अधूनमधून आवाज उठतो की शिकार पुन्हा सुरू करा. त्यामागचा संताप आम्ही समजू शकतो, मागणी मात्र सरसकट मान्य करता येत नाही. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळू शकत नाही, आणि मिळूही नये. रोही आणि रानडुक्कर यांची गोष्ट वेगळी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने त्यांना मारण्याची तरतूद कायद्यात आधीपासून आहे. पण परवानगी हातात पडेपर्यंत पीक संपलेले असते, आणि ती मिळाली तरी बंदूक चालवणारा प्रशिक्षित माणूस शेतकऱ्याने कुठून आणायचा, हे कोणी सांगत नाही. रोह्यांच्या बाबतीत लोकांच्या श्रद्धेचाही प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. बिहारने केंद्राकडून रोही आणि रानडुक्कर यांना उपद्रवी प्राणी जाहीर करून घेतले, तेव्हा 2016 मध्ये मोकाम्याच्या टाल नावाच्या सखल शेतपट्ट्यात बाहेरून नेमबाज बोलावून रोह्यांचे कळप मारले गेले. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री एकमेकांविरुद्ध उघड बोलले. देशभर गदारोळ झाला, शेतकऱ्याला कायमचा मार्ग काही मिळाला नाही.

त्यापेक्षा शेजारच्या मध्य प्रदेशातून शिकण्यासारखे आहे. आपल्यासारख्याच सोयाबीनच्या शाजापूर पट्ट्यात 2025 मध्ये हेलिकॉप्टरने कळप हाकून, निमुळत्या होत जाणाऱ्या कापडी कुंपणात घेऊन, काळवीट आणि रोही सुखरूप पकडण्यात आले व अभयारण्यांत सोडण्यात आले. त्याला बोमा पद्धत म्हणतात. हे खर्चिक आहे हे खरे. पण तो खर्च सरकारने केला, शेतकऱ्याने नाही. महाराष्ट्राने वाशीम जिल्ह्यात हा प्रयोग का करू नये? आणि खर्चाचेच म्हणाल तर समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर जनावर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी बंदिस्ती करण्यात आली. गाडीवाल्याच्या सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. त्याच महामार्गाच्या पलीकडे शेतकरी जुन्या साड्या काठ्यांना बांधून आपले पीक वाचवतो आहे, हे मात्र आमच्याने पाहवत नाही. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून 75 टक्के अनुदान मिळते. ते एकेकट्या वावरासाठी देण्याऐवजी शिवाराला मिळून द्यावे, कारण एकाने कुंपण केले की कळप शेजाऱ्याकडे वळतो आणि ज्याच्याकडे उरलेले 25 टक्केही नसतात, त्याच्याच वावरात शेवटी सगळे उतरतात. शेतीला दिवसा वीज द्यावी, म्हणजे ओलितासाठी आणि राखणीसाठी दोनदा रात्र जागावी लागणार नाही. कुंपणात थेट घरगुती प्रवाह सोडण्याचा मार्ग मात्र कोणीही धरू नये. त्यात शेजारचाच माणूस मरतो.

यातली सर्वांत निकडीची गोष्ट विम्याची आहे. वन्यप्राण्यांमुळे होणारे पीकनुकसान 2026 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. नुकसान झाल्यावर 72 तासांच्या आत मोबाइल अ‍ॅपवर ठिकाणाच्या नोंदीसह छायाचित्र टाकून ते कळवायचे आहे. कोणते प्राणी धरायचे आणि कोणते जिल्हे किंवा विमा क्षेत्रे बाधित मानायची, हे राज्याने मागच्या नोंदींच्या आधारे ठरवायचे आहे. खरी अडचण इथेच आहे. मागच्या नोंदी म्हणजे तक्रारी आणि पंचनामे. वन, कृषी आणि महसूल या तीन खात्यांची माणसे एका वावरात एका दिवशी आणण्याची दमछाक नको म्हणून कितीतरी शेतकऱ्यांनी आजवर तक्रारच केलेली नाही. ज्यांनी ती केली नाही, त्यांचे नुकसान सरकारदरबारी झालेलेच नाही, आणि त्या आधारावर मालेगाव तालुक्यातली महसूल मंडळे यादीतून वगळली गेली तर तो दुहेरी अन्याय ठरेल. जिल्हाधिकाऱ्यांनी केवळ जुन्या पंचनाम्यांवर विसंबून न राहता ग्रामपंचायतींकडून गावनिहाय माहिती मागवावी. त्यात कोणते पीक सोडले, किती वावरे पडीक पडली, हेही असावे. राज्याने काढायच्या यादीत काळवीट, रोही आणि रानडुक्कर या तिघांचीही नावे स्पष्ट असावीत. जऊळक्याच्या ग्रामसभेने तसा ठराव करून तो तालुका कृषी अधिकारी आणि वनक्षेत्रपाल या दोघांच्या कार्यालयांत दाखल करावा व त्याची पोच घ्यावी.