पाऊस तेवढाच, पण पडायची तऱ्हा बदलली. मोजमाप मात्र जुनंच

आमच्या शिवारात एका दुपारी असा पाऊस कोसळला की दोन तासांत बांध फुटले, सोयाबीनच्या ओळी वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाचा आकडा पाहिला तर साधा पाऊस! पर्जन्यमापक आठ किलोमीटर लांब, तिकडं नुसती सर येऊन गेलेली. कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. तुमच्याही गावात असं घडलं असेल.

हे नशीब नाही. यामागचं विज्ञान आपल्याच पुण्यात उलगडलं गेलंय. दरवर्षी अमेरिकेत डिसेंबरात आणि युरोपात व्हिएन्नाला एप्रिल-मेच्या सुमारास पृथ्वी आणि हवामानाच्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या परिषदा भरतात. हजारो संशोधक येतात, आपल्या मान्सूनवरही चर्चा झडते. परिषदेत मांडलं म्हणजे सिद्ध झालं असं मात्र नाही. तिथं प्रश्न विचारले जातात, मग इतर तज्ज्ञ तपासतात, नंतर ते नियतकालिकात छापलं जातं. म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या 'शास्त्रज्ञांचा इशारा' छाप मेसेजवर लगेच विश्वास ठेवू नका. खाली सांगतोय ती तपासून छापलेली माहिती आहे.

संशोधन काय सांगतं?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की मध्य भारतात मुसळधार पाऊस वाढला आणि मध्यम, भिजपाऊस घटला. दोन्हींची वजाबाकी होऊन एकूण सरासरीत फारसा फरक दिसत नाही. म्हणजे 'यंदा सरासरी गाठली' ही बातमी वाचून खूश व्हायचं कारण नाही. पिकाला लागतो तो भिजपाऊस, आणि घटतोय तोच.

2017 मध्ये याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी पुढचं गणित मांडलं. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीनं वाढला. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. कारण अरबी समुद्राकडून येणारं बाष्प. समुद्र तापला की वारे मधूनच जोर धरतात आणि बाष्पाचे लोट आत ढकलतात. त्यात हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मोठी घागर भरायला वेळ लागतो, पण उलटली की सगळंच सांडतं. तसंच हे: आधी लांब उघडीप, मग एकदम ढगच फुटल्यागत पाऊस.

दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेनं 2024 मध्ये देशभरातल्या तालुक्यांचा हिशेब काढला. 2012 ते 2022 या काळात जवळपास निम्म्या तालुक्यांत ऑक्टोबरचा पाऊस आधीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणीला आलेलं, नाहीतर गंजी लावलेली. आपलं दुखणं नेमकं तिथंच आहे.

मग अडलं कुठं?

सरकारी हिशेबात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. एकरावर 65 मिलिमीटर म्हणजे सुमारे दोन लाख साठ हजार लिटर पाणी. ते दिवसभरात पडलं तर जमीन बरंचसं पिते. दोन तासांत पडलं तर मातीच घेऊन जातं. आकडा एकच, नुकसान वेगळं.

शिवाय मोजणी महसूल मंडळाच्या पातळीवर. 2025 च्या खरिपापासून राज्यातला पीक विमाही पीक कापणी प्रयोगावर ठरतो, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. चार गावांचं पीक गेलं आणि बाकीच्यांचं तरलं, तर सरासरीत चार गावं बुडतात. पाऊस गावागणिक बदलतोय आणि भरपाई मंडळागणिक ठरतेय, हा खरा पेच आहे.

आपण काय करायचं?

ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठं आहे? ते झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून तर नाही ना? (अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवं.) ते चालू आहे का?

गावात एक साधं पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला वहीत नोंद करा, शाळेतली पोरंही हे करू शकतात. या नोंदीवर सरकार पैसे देईल असं नाही. पण 'आमच्याकडं पाऊस झाला' असं नुसतं सांगण्यापेक्षा तीन वर्षांची वही तहसीलदारांपुढं ठेवणं कधीही भारी.

शेतात रुंद सरी वरंबा करा, उताराला आडवे चर काढा, काढणीआधी ताडपत्री तयार ठेवा. ऑक्टोबर आता कोरडा धरून चालू नका.

शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलंय. पाऊस बदलला हे आता आकड्यांत आहे. आता भरपाईचा आकडाही गावापर्यंत यायला हवा, आणि ते मागणं आपल्यालाच करावं लागेल.