तलाव सरकारचे, गाळ मात्र गावाचा!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. भातशेती पोसणारे, गुरांची तहान भागवणारे आणि ढिवर समाजाच्या चुली पेटत्या ठेवणारे हे तलाव शासकीय दप्तरात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदले गेले आहेत. लोकांनी त्याचे सुटसुटीत रूप केले, 'मामा तलाव'. 'मामा' या शब्दात आजोळचा जिव्हाळा आहे; 'माजी' या शब्दात मात्र एक निकाल दडलेला आहे. त्या निकालाची फेरतपासणी करण्याची वेळ आता आली आहे.

हे तलाव कोणत्याही सरकारी खात्याने बांधलेले नाहीत. चांद्याच्या गोंड राजवटीत जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा रिवाज होता. कोहळी समाजाने जमिनीचा उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि वरच्या तलावाचे ओसंडणारे पाणी खालच्या तलावाच्या पोटात सोडले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्या कौशल्याची साक्ष आजही देतो. पाळ फुटली तर गाव धावून जाई, कारण तलाव गावाचा होता आणि पाळ फुटण्याचा अर्थ गावाला ठाऊक होता.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी नष्ट केली. विदर्भ त्या वेळी त्याच प्रांतात होता. मालगुजारी संपली हे योग्यच झाले. त्या पद्धतीत वेठ होती, अन्याय होता. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु मालगुजाराला दूर करताना गावालाही दूर सारण्याचे काय प्रयोजन होते? जमीनदाराच्या हातचा तलाव गावाच्या हाती यावयाचा, तो शासनाच्या हाती गेला. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. निस्तार हक्काच्या नोंदी कागदावर राहिल्या. मात्र पाळ कोणी बांधावी, गाळ कोणी काढावा, पाणी कधी सोडावे, याचा निर्णय गावाबाहेर होऊ लागला. ज्याला तलावाची गरज त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार त्याला तलावाची गरज नाही, अशी ही विपरीत व्यवस्था होती. तिचे फळ गाळ आणि बेशरम या दोन रूपांत आज सर्वत्र दिसते.

अडाणी कोण?

'लोकच बेजबाबदार आहेत, त्यांच्या हाती तलाव दिले तर उरलेसुरलेही जातील', असा युक्तिवाद कार्यालयांतून नेहमी ऐकू येतो. त्याला गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसराने कृतीने उत्तर दिले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवर बांधवांकडे उपदेश करण्यास नव्हे, तर शिकण्यास गेले. मासे का घटले, याचे उत्तर ढिवरांनी दिले. पाण्याखालील वनस्पती नाहीशा झाल्या, म्हणून माशांना अंडी घालण्यास व दडण्यास जागा उरली नाही. उत्पादनवाढीच्या नावाखाली सोडलेला गवत्या मासा त्याच वनस्पतींवर ताव मारतो. रोहू, कटला हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करीत नाहीत. त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. स्थानिक मासा मात्र तलावातच वाढतो आणि फुकट वाढतो. हे ज्ञान कोणत्या अहवालातून आलेले नव्हते, ते पिढ्यान्पिढ्यांच्या जाळ्यातून आलेले होते.

मग गावकऱ्यांनी, त्यांत स्त्रियाही आल्या, बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळावर नांगर चालवला. पावसाळा सुरू होताच दुसऱ्या तलावांतून आणलेल्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती चिखलात लावल्या. तळाला हिरवाई आली, मागोमाग मासे परतले, पक्षी परतले. शेतकरी भात लावतो त्याच निष्ठेने हे लोक तलाव लावीत होते. त्यांना अडाणी कोणी म्हणावे?

यंत्र येते, माणूस हटतो

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून गाळ उपसला जात आहे आणि शेतकऱ्याच्या बांधावर सुपीक माती पोहोचत आहे. परंतु तलाव म्हणजे केवळ पाणी साठवण्याचे भांडे नव्हे. काठाचा मंद उतार खरवडून तलावाचा खड्डा केला, तर पाणी वाढेल, पण उथळ पाण्यात जगणारी सृष्टी संपेल. पोकलेनचा हिशेब घनमीटरमध्ये होतो. माशाच्या अंड्यांचा हिशेब त्यात बसत नाही. शहरांतील तलावांची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे आधी कारंजे येते, मग फरसबंदी येते, आणि सांडपाण्याचा नाला मात्र पूर्ववत तलावातच येत राहतो.

कायद्याचे छत्रही अपुरेच आहे. २०१७ च्या पाणथळ भूमी नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. म्हणजे ज्या तलावांनी शतकानुशतके पाणथळ सृष्टी सांभाळली, ते 'पाणथळ' ठरत नाहीत! वास्तविक तळी, तलाव ही समाजाची सामाईक संपत्ती असून ती जपली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच बजावले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक वनवासींचे मासे व जलाशयांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. तत्त्व मान्य आहे, व्यवहारात मात्र गाव आजही अर्जदारच आहे.

येथे एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. लोकसहभाग या गोंडस शब्दाचा अर्थ 'फुकटचे मजूर' असा होऊ लागला आहे. श्रमदानाला गाव, छायाचित्राला पुढारी आणि लिलावाला ठेकेदार, ही वाटणी फार काळ चालणार नाही. स्वयंसेवक थकतो तो घामाने नव्हे. ज्याची सेवा केली त्याच्यावर आपला शब्द चालत नाही, या जाणिवेने तो थकतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. तलावाचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे द्यावे; मासेमार आणि शेतकरी दोघांनाही निर्णयात स्थान असावे; गाळ किती, कोठून आणि केव्हा काढावा हे त्यांच्या संमतीने ठरावे. शासनाने निधी द्यावा, तांत्रिक साहाय्य द्यावे, हिशेब जरूर मागावा. मालकी मात्र गाजवू नये. आणि समाजानेही केवळ हक्काची भाषा बोलून थांबू नये. आपल्या गावातील, आपल्या उपनगरातील तलावाची पाळ शेवटची कधी पाहिली, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. ज्या पूर्वजांनी कुदळ आणि टोपलीने हजारो तलाव उभे केले, त्यांच्या वंशजांना ते राखता येऊ नयेत, हे लांच्छन पुसण्याचे काम कोणतेही खाते करणार नाही. ते समाजालाच करावे लागेल.