विश्वासाचे मार्क

परीक्षक म्हणून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जातो आणि सोनेरी अक्षरांचं तेच काळं बाइंडिंग पुढ्यात येतं: मोबाइल ॲड-हॉक नेटवर्कमधील विश्वासाधारित सुरक्षा. मुलांची नावं बदलतात, आलेख बदलत नाहीत.

कल्पना सोपी आहे. टॉवर नाही, राउटर नाही. फोनने फोनचा निरोप पुढे ढकलायचा. शेजाऱ्याने ढकलला की त्याला मार्क द्यायचे, गिळला की कापायचे. फारच घसरला तर वाळीत टाकायचा. हे सारं चालतं एनएस-टू नावाच्या सिम्युलेटरमध्ये, ज्याची शेवटची आवृत्ती 2011 ची. तिथे पन्नास नोड, म्हणजे हेच फोन, हजार बाय हजार मीटरच्या सपाट मैदानात फिरतात: एक बिंदू निवडायचा, नाकासमोर चालायचं, थांबायचं, पुन्हा दुसरा बिंदू. मी रोडपालीत राहतो. सेक्टर 20 मधून तळ्यापर्यंत असं नाकासमोर चालून दाखवा. वाटेत चार इमारती आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे निघालेला एखादा ट्रेलर आडवा येईल. ब्लूटूथचा निरोप तर स्लॅब ओलांडतानाच धापा टाकतो.

बरं, शेजाऱ्याने निरोप गिळला हे कळतं कसं? कान लावून. सन 2000 मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी ही ‘वॉचडॉग’ पद्धत मांडली, आणि ती कुठे फसते तेही त्याच निबंधात लिहिलं: लहरी एकमेकींवर आदळल्या तर कानाला काही कळत नाही, आणि दोघांनी संगनमत केलं तर पहारेकरी बसलाय बोंबलत. आमची मुलं पद्धत उचलतात, कबुली गाळतात.

आता 26 जुलै 2005 काढाल, ठाऊक आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि फोन मुके. मान्य, त्या रात्री असं जाळं हवंच होतं. पण ज्याची बॅटरी आठ टक्क्यांवर आहे तो परक्याचे निरोप वाहणार नाही. तुमचं गणित त्याला ‘स्वार्थी नोड’ ठरवून वाळीत टाकणार.

खरी मेख वेगळीच आहे. मार्क द्यायचे कुणाला? जॉन डूसर यांनी 2002 मध्येच दाखवलं, की ओळख पटवणारं मध्यवर्ती कुणी नसेल तर एकच लबाड हवी तितकी रूपं घेऊन स्वतःलाच मार्क देतो. जुलै 2025 मध्ये जॅक डॉर्सीने टॉवरविना चालणारं ‘बिटचॅट’ आणलं. काही दिवसांतच एका संशोधकाने दाखवलं की त्यात दुसऱ्याचं सोंग घेता येतं.

आमच्या सोसायटीत एकाच गृहस्थाचे तीन फ्लॅट आहेत. सभेत ते तीनदा हात वर करायला बघतात. सेक्रेटरी काका चष्म्यावरून बघत म्हणतात, “साहेब, सभासद एक, मत एक.” महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. शेअर कितीही असोत. काकांना डूसर ठाऊक नाही, पण त्यांच्याकडे सभासद-रजिस्टर आहे.

परवा तोंडी परीक्षेत विचारलं, “बाळा, हा सतरा नंबरचा नोड सतराच आहे, हे बाकीच्यांना कसं कळतं?”

“सर, त्याच्यावर सतरा लिहिलंय ना.”

शेजारी बसलेल्या गाइडबाईंनी घाईघाईने चहा मागवला.