धारपांचे समर्थ आणि आमचा नातू

वाशीच्या आमच्या घरीं परवां रात्रीं नातू पांघरुणाआड दिवा धरून कै. नारायण धारप यांचें पुस्तक वाचतांना सांपडला. आम्हीं तें काढून घेतलें, आणि पहाटेपर्यंत स्वतःच वाचीत बसलों!

धारप (१९२५–२००८) हे विज्ञानाचे पदवीधर. भयानक रस भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत सांगितला, वेताळकथा सोमदेवाच्या कथासरित्सागरांत अकराव्या शतकापासून आहेत. परंतु धारपांवरील ऋण मुख्यतः अमेरिकेचें. लव्हक्राफ्ट व स्टीफन किंग यांची छाया त्यांच्या लेखनावर पडली. ‘आजी’ या त्यांच्या कथेचें मूळ किंग यांच्या ‘ग्रॅमा’ कथेंत आहे. आणि त्याच ‘आजी’चा अंश पुढें २०१८ सालीं ‘तुंबाड’ चित्रपटांत उतरला.

मग धारपांचें स्वतःचें असें काय? आमच्या मतें, ‘समर्थ’. लव्हक्राफ्टच्या विश्वांत अमानुष शक्तीपुढें मनुष्य कस्पटासमान ठरतो. धारपांनीं तसलीच शक्ति आपल्या माजघरांत आणली, परंतु तिच्यासमोर आत्मबलानें उभा राहून भयग्रस्तांस सोडविणारा पुरुषहि दिला.

सकाळीं नातवास विचारलें, “भीति नाहीं वाटत?” तो म्हणाला, “वाटते, आजोबा. पण समर्थ येतील हें ठाऊक असतें.”

शिक्षकी पेशांत अशीं कितीएक पुस्तकें आम्हीं मुलांच्या हातून हिसकून घेतलीं; एकहि उघडून पाहिलें नाहीं. त्याचें आज वाईट वाटतें. नातवाचें पुस्तक परत केलें आहे. अट एकच: रात्रीं जेवणानंतर तें सर्वांस मोठ्यानें वाचून दाखवावें.