गाळाचीही झडती घ्या

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. नदीच्या तळाविषयी मात्र त्यांनी असा कोणताही निषेध घातला नव्हता. तो आमच्या राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीने घालून घेतला आहे. वाहते पाणी बाटलीत भरावे, प्रयोगशाळेकडे पाठवावे, आकडे मर्यादेत बसले की नदीला शुद्धतेचा दाखला द्यावा आणि निश्चिंत व्हावे, हा आपला परिपाठ. पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असे भारतीय मानक सांगते. परंतु ज्या गाळात हे धातू वर्षानुवर्षे साचत जातात, त्या गाळासाठी पाळावयास लावता येईल असे राष्ट्रीय मानकच आपल्या देशात नाही. पाण्याला कायदा आहे, पण तळाला नाही. हा प्रश्न आज यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

यवतमाळला समुद्र नाही, तेव्हा खाडीतील शिंपल्यांच्या प्रदूषणाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, धातूचे विष कसे वागते हा धडा जगाला प्रथम समुद्रकाठच्या चिखलाने दिला. आपल्याच राज्यातील ठाण्याची खाडी पाहा. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची रांग उभी राहिली आणि त्यांचे सांडपाणी खाडीकडे वळले. तेथील तळगाळात आणि शिंपल्यांत तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम, पारा या धातूंच्या नोंदी संशोधक कित्येक दशके करीत आले आहेत. २०१५ साली या खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीतही गेली. सन्मान वरच्या पाण्याला आणि त्यावर उतरणाऱ्या गुलाबी पाखरांना मिळाला. तळाचा हिशेब मात्र मागील पानावरून पुढे चालू आहे.

याचे कारण धातूंच्या स्वभावात आहे. सेंद्रिय घाण कालांतराने कुजून जाते, धातू कुजत नाही. तो चिकणमातीच्या बारीक कणांना आणि लोहाच्या गंजाला चिकटून तळाशी बसतो. त्यामुळे वरचे पाणी निर्मळ दिसते आणि तपासणीत उत्तीर्णही होते. पुढे पाणी आम्ल झाले, तळाचा प्राणवायू संपला किंवा कोणी गाळ ढवळला, म्हणजे तो पुन्हा सुटतो. या गाळात रुतून बसणारा शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळून आपले अन्न मिळवितो आणि अन्नाबरोबर धातूही अंगात साठवितो. म्हणूनच १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने समुद्राच्या पहाऱ्यावर शिंपल्यांनाच नेमावे अशी सूचना केली आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. पाण्याची बाटली त्या क्षणाची साक्ष देते, तर शिंपला महिन्यांची आणि गाळ दशकांची देतो. अशी साक्ष सोडून एका बाटलीवर निकाल देणारा न्यायाधीश कोणत्या न्यायालयात शोभेल?

या दुर्लक्षाची किंमत जपानने मोजली आहे. मिनामाता उपसागरातील मासे व शिंपले खाणारे कोळी कुटुंबांसह पाऱ्याच्या विषबाधेने पंगू झाले. १९५६ साली हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला, परंतु त्याचे कारण सरकारने मान्य केले ते १९६८ साली. मग १९७७ ते १९९० अशी वर्षे तेथला गाळ उपसण्यात गेली. आमच्या जिल्ह्याला याहूनही जवळचे उदाहरण त्याच देशातील जिंत्सू नदीचे आहे. तेथे समुद्राचा संबंध नव्हता. वरच्या अंगाला कामिओका येथे खाण होती, खाणीतील कॅडमियम नदीत उतरले, नदीतून कालव्यांत आणि कालव्यांतून भातशेतात. तो भात खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली. शेतांची वरची माती बदलण्याचे काम पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालले आणि २०१२ साली संपले. खाण, नदी, शेत आणि ताट ही साखळी आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.

कारण या साखळीच्या पहिल्या तीन कड्या वणी तालुक्यात डोळ्यांसमोर आहेत. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली या परिसरात वर्धा खोऱ्यातील कोळसा उघड्या खाणींतून निघतो. निर्गुडा वर्धेला मिळते, जिल्ह्याच्या आग्नेय टोकाशी पैनगंगाही वर्धेत येते. कोळशाच्या थरांत लोह व गंधकाची संयुगे असतात. त्यांना हवा-पाणी लागले की आम्ल तयार होऊ शकते आणि आम्ल खडकातील धातू विरघळविते. कोळसा जळाल्यावर त्यातील आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांचे अंश राखेत एकवटतात. नदीपलीकडे चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशातील अत्यंत प्रदूषित क्षेत्रांत गणले गेले होते. नदी ही दोन जिल्ह्यांमधील सीमारेषा महसूल खात्यासाठी असते, राखेसाठी नसते.

आता शेताची कडी. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ पासून राबविली जाते. तलावांचा गाळ काढून शेतात घालणे ही आपल्या शेतकऱ्यांची जुनी, शहाणपणाची रीत आहे आणि आमचा तिला मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु कोळसापट्ट्यातील तलावाचा आणि नाल्याचा गाळ हा इतर ठिकाणच्या गाळासारखाच आहे असे गृहीत धरून चालता येणार नाही. काळ्या चिकणमातीचा कण ज्या गुणाने ओल व खत धरून ठेवतो, त्याच गुणाने धातूही धरून ठेवतो. तलावात पडून असलेला धातू हा एका तलावाचा प्रश्न असतो. शेकडो शेतांत पसरलेला धातू हा पिढ्यांचा प्रश्न होतो. शिवार गाळयुक्त करण्याच्या नादात शेतकरीच गाळात जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खाणीवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, तेव्हा असल्या शंका काढून भीती पसरवू नये, असा आक्षेप येईल. आम्हाला खाणी बंद पडलेल्या नको आहेत. परंतु तपासणीने भीती पसरत नाही, ती लपवाछपवीने पसरते. शुद्ध ठरलेल्या गाळाचा दाखला शेतकऱ्याच्या हाती असेल, तर अफवेला जागाच उरणार नाही.

पैशाचीही सबब चालण्यासारखी नाही. खाण कायद्यातील २०१५ सालच्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले असून पिण्याचे पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण हे त्याच्या निधीचे अग्रक्रमाचे विषय आहेत. खाणबाधित गावांचा गाळ तपासणे याहून या निधीचा अधिक उचित विनियोग कोणता? प्रयोगशाळा हवी तर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरातच आहे. उणीव कायद्यात आहे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने २०२५ साली केले, पण खाणकामातून होणारे दूषण इतर कायद्यांवर सोपवून त्यांनी आपल्या कक्षेबाहेर ठेवले. जेथे नियमाची सर्वाधिक गरज, नेमके तेथेच त्याने दार लावून घ्यावे, हा न्याय आम्हाला उमजत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वणी परिसरातील वर्धा, निर्गुडा व पैनगंगा यांचा तळगाळ, त्यातील शिंपले आणि भोई बांधव पकडून बाजारात आणतात ते मासे यांची धातूंसाठी दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी. कोळसापट्ट्यातील कोणत्याही तलावाचा गाळ शेतावर जाण्यापूर्वी त्याचा दाखला ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. केंद्राने गाळासाठी मानके ठरवावीत आणि दूषण आढळल्यास निस्तरण्याचा खर्च शेतकऱ्याच्या नव्हे, तर दूषण करणाऱ्याच्या माथी पडावा.

२०१७ सालच्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मग पथके नेमली गेली, चौकश्या झाल्या, मुखवटे आणि हातमोजे यांचे महत्त्व सर्वांना पटले. ते सारे वरातीमागून घोडे होते. त्या विषाने काही दिवसांतच माणसे आडवी केली, म्हणून त्याची दखल तरी घेतली गेली. धातूचे विष इतके उतावीळ नसते. ते हाडांत, मूत्रपिंडांत आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूत सावकाश बसते आणि त्याच्या बळींची नोंद कोणत्याही एका पावसाळ्याच्या खात्यावर पडत नाही. नदी मुकाट्याने आपल्या तळाशी सारी नोंद ठेवीत आहे. ती आज वाचावयाची की आपल्या नातवंडांच्या वैद्यकीय कागदांत उद्या वाचावयाची, हे जिल्हा प्रशासनाने पुढचा गाळ उपसण्यापूर्वी ठरवावे.