शबरीची बोरं

मुळशीत, पौडजवळच्या आमच्या गावी, आजी आम्हा नातवंडांना शबरीची गोष्ट सांगायची. बोर आधी चाखायचं, गोड निघालं तरच रामापुढे ठेवायचं... सांगताना आंबट बोराचं तोंडही करून दाखवायची.

गेल्या दिवाळीत ती पतवंडांना हेच सांगत होती. चुलतभावाने मधेच टोकलं, "आजी, वाल्मीकी रामायणात उष्टी बोरं नाहीतच." खरंय, नाहीत. तिथे शबरी रामासाठी रानमेवा जमवून ठेवते, एवढंच. पण आजी गप्प झाली, गोष्ट अर्धीच राहिली. मला ते फार लागलं.

वाल्मीकींचं तेवढं खरं, बाकी चूक, हा हिशोब मला पटत नाही. आपल्या नाथांचं भावार्थ रामायणच घ्या. युद्धकांडात ते अपुरं राहिलं, पुढचं शिष्य गावबाने पूर्ण केलं. म्हणून कुणी पारायण तिथेच थांबवतं का? मोरोपंतांनी तर 108 रामायणं रचली म्हणतात! (आम्ही एकावरूनच भांडतोय.) बोरं मागाहून भक्तांनी घातली असतील. भिल्लिणीचं उष्टं देवाला चालतं, हे कुणाला तरी सांगायचंच असेल ना?

दादा, वाचत असशील तर रविवारी आजीला फोन कर. पोरांना जवळ बसव आणि राहिलेली गोष्ट तिच्याकडूनच ऐकव.